किलिमांजारोच्या पायथ्याशी तोंडं काढणे

घरातल्या एखाद्याचा हात चित्राला बरा आहे हे एकदा नातेवाइकांना कळलं, की त्या हाताची आयुष्यभर सुटका नसते. शाळेत मैत्रिणींच्या जर्नलमधले बेडूक, मग कॉलनीतल्या गणपतीच्या मखरावरचे ढग, पुढे प्रत्येक भाचीच्या लग्नात रुखवतावरची सप्तपदी. मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा पास झालेली बाई. नंतर जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक म्हणून नोकरी केली. म्हणजे सरकारनं आधी माझ्या रेषेची दोनदा परीक्षा घेतली आणि मग ती रेष हजेरीपत्रकं आखायला वापरली. निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की आता परदेशात जाऊन स्वयंसेवा करणार, एखाद्या शाळेत चित्रकला शिकवणार आणि तिथल्या मुलांची व्यक्तिचित्रं काढणार. कुणी काही बोलेना. मग नणंद म्हणाली, "वहिनी, तोंडंच काढायची तर आमची काय वाईट आहेत?"

प्रश्न खवचट होता, पण बिनतोड होता. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा रोज संध्याकाळी मीटरच्या खोलीबाहेर बसून गृहपाठ करतो. उजेड वरून एकाच बल्बचा, अर्धा चेहरा अंधारात. रेम्ब्रांट असता तर त्यानं वॉचमनच्या हातापाया पडून परवानगी मागितली असती. पण आमच्या इमारतीत दोन इंटीरियर डिझायनर आणि एक मी एवढे कलावंत राहत असून त्या पोराचं चित्र काढावं असं कुणाच्या मनात आलेलं नाही. तेच पोर समुद्रापलीकडे बसलेलं असलं, की त्याच्या डोळ्यांत एकदम खोली दिसायला लागते. निरागसता दिसते. न बोललेलं बरंच काही दिसतं. वॉचमनच्या पोराच्या डोळ्यांत आपल्याला एवढंच दिसतं, की हा आता लिफ्टची सगळी बटणं दाबून पळणार.

तर मी टांझानियाला गेले. भाचा दार-ए-सलामला नोकरीला आहे, त्याच्या ओळखीनं मोशी गावातली एक प्राथमिक शाळा मिळाली. मोशी हे किलिमांजारोच्या पायथ्याचं, कॉफीचं आणि केळीच्या बागांचं गाव. स्वयंसेवकाला तिथे राहायचा परवाना लागतो आणि तो 'क' वर्गाचा असतो. विद्यार्थी, संशोधक, धर्मप्रसारक आणि फुकट काम करायला आलेले लोक, सगळे त्या एकाच वर्गात. उभी नोकरी गट-क मध्ये काढून, पदोन्नतीची नस्ती वरच्या टेबलावर असतानाच निवृत्त झालेल्या बाईला परदेशातल्या सरकारनंही पुन्हा 'क' मध्येच घालावं, यावर नवरा विमानतळापर्यंत हसत होता.

टांझानियात तीनचाकी रिक्षाला 'बजाजी' म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. भाच्यानं रिक्षावाल्याला सांगितलं, की या मावशी पुण्याच्या, बजाज कंपनीचं आकुर्डी त्यांच्या गावाला लागूनच. त्या माणसानं रिक्षा बाजूला घेतली, उतरून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि कोणते सुटे भाग स्वस्तात आणता येतील याची यादी सांगायला सुरुवात केली. परदेशात आपल्या शहराची कीर्ती ज्ञानेश्वरीमुळे किंवा पेशव्यांमुळे असेल असं समजून आपण जातो. तिथे ती क्लचप्लेटमुळे असते.

स्वयंसेवक म्हणून मला कुणी ओळखलं नाही, हेही सांगायला हवं. पूर्व आफ्रिकेत भारतीय चेहरा म्हणजे दुकानदार, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं समीकरण आहे आणि ते गुजराती मंडळींनी कष्टानं बसवलेलं आहे. शाळेत जर्मनीहून आलेली एक मुलगी होती. ती नुसती फाटकातून आत आली तरी लोकांना कळायचं की ही सेवा करायला आली आहे. मी हातात रंगपेटी घेऊन दिवसभर उभी राहिले तरी पालक विचारायचे, तुमचं दुकान कोणतं? एका वडिलांनी मुलाचं चित्र बघून मान डोलावली आणि पत्र्याच्या खिळ्यांचा भाव विचारला. मला तो ठाऊक नव्हता, यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे येते. व्यक्तिचित्राला एक माणूस समोर बसायला लागतो आणि बाकीचे मागे उभे राहून बघतात, अशी माझी समजूत होती. मोशीच्या शाळेत समोर कुणीच नसतं, सगळे मागे असतात. ज्याचं चित्र चाललंय तोही मागे असतो, कारण आपलं नाक कसं होतंय ते त्याला बघायचं असतं. त्याला खांद्याला धरून पुन्हा स्टुलावर बसवायचं, दोन रेषा मारायच्या, की कोपराखालून त्याचं डोकं पुन्हा कागदावर. त्यात वेळेचा घोळ. स्वाहिलीत घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं: सकाळी सात वाजले की एक वाजतो, नऊ वाजले की तीन. मी एकाला तीन वाजता ये म्हणून सांगितलं आणि दुपारी तीनला बोर्ड लावून बसले. तो सकाळी नऊला केस ओले करून, चेहऱ्याला तेल लावून, स्टुलावर येऊन बसून, वाट पाहून, वर्गात परत गेला होता. दुपारी भेटला तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं जिल्हा परिषदेत फक्त ठेकेदार बघायचे.

केस ओले करून असं म्हटलं खरं, पण केस नावापुरतेच. तिथल्या सरकारी शाळांत मुलामुलींचे सगळ्यांचेच केस बारीक कापलेले असतात, पांढरा शर्ट आणि खाली गडद निळी चड्डी नाहीतर स्कर्ट. मोशीत जून-जुलैला गारठा असतो, म्हणून वर स्वेटर. स्वेटरानं कॉलर झाकली, स्टुलामागे पाय गेले, की समोर फक्त एक गोल डोकं आणि दोन कान उरतात. आपल्याकडे चित्रकार निम्मं काम केसांवर भागवतो. बट सोडली की मुलगी, भांग पाडला की मुलगा, वेणी घातली की गाव आलं. मोशीत चेहरा काढता आला तर आला, नाहीतर उघडं पडायचं.

स्थिर बसवण्याचा प्रश्न जुना आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझचं 'लास मेनिनास' हे 1656 सालचं चित्र आहे. त्यात स्पेनची पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता मध्यभागी उभी आहे. कलासमीक्षकांनी त्या चित्रातला आरसा, त्यात दिसणारे राजाराणी, स्वतःलाच चित्रात रंगवणारा चित्रकार यांवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली आहेत. मला ते चित्र म्हणजे एक मूल घटकाभर उभं राहावं म्हणून अख्खं घर कामाला लागल्याचा पुरावा वाटतो. एक दासी गुडघ्यावर बसून तिला पाण्याचं लाल भांडं देते आहे, दुसरी वाकून समजूत घालते आहे, एक पोरगा कुत्र्याला पायानं डिवचून करमणूक करतो आहे, मागे दोन वडीलधारी माणसं कुजबुजत उभी आहेत आणि दारात एक जण 'झालं का?' विचारायला आल्यासारखा थांबला आहे. राजकन्येच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलंय की नाही झालं.

जॉन सिंगर सार्जंट तर आणखी हट्टी. 1885 साली इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या खेड्यात त्यानं बागेत कागदी कंदील लावणाऱ्या दोन लहान मुलींचं चित्र सुरू केलं. त्याला हवा होता फक्त संध्याकाळचा, दिवस मावळतानाचा उजेड, आणि तो जेमतेम काही मिनिटं टिकायचा. तेवढ्यात रंगवायचं, मग उद्या. उन्हाळा गेला, थंडी पडली. मुलींना पांढऱ्या झग्यांच्या आत लोकरीचे स्वेटर घातले. बागेतले गुलाब सुकले. तिथे खोटे गुलाब बांधले. चित्र पुढच्या वर्षी पुरं झालं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि लोक त्या मुलींच्या तल्लीनतेनं भारावतात. मला तर वाटतं, त्या मुलींना घरी जायचं होतं.

आपल्या सावळाराम हळदणकरांनी 'ग्लो ऑफ होप' या जलरंगातल्या चित्रासाठी स्वतःच्या मुलीला हातात दिवा घेऊन उभं केलं होतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे. पण ती घरची मुलगी. घरच्या माणसावर ओरडता येतं. परक्याच्या, तेही परदेशातल्या पोरावर ओरडणार कसं? खाऊ देऊन बसवू नका, असं स्वयंसेवकांना आधीच बजावलेलं असतं, आणि ते योग्यही आहे. मग मी गोष्टीचा उपाय काढला. इंग्रजी येणाऱ्या एका शिक्षकांना दुभाषी म्हणून बसवलं आणि अफझलखानाच्या वधाची गोष्ट सुरू केली. पोरं मंत्रमुग्ध झाली, पण अफझलखानाच्या वधाला मान सरळ ठेवून बसेल असं मूल जगात कुठेही नाही. शामियान्यात खान मिठी मारतो इथपर्यंत मॉडेल स्टुलावर होतं. वाघनखं निघाली आणि स्टूल आडवं झालं. त्या मुलाच्या चित्रात उजवा डोळा भेटीच्या आधीचा आहे आणि डावा नंतरचा.

लहान मुलाचा चेहरा काढणं हे मोठ्या माणसाचा चेहरा काढण्यापेक्षा फार अवघड, कारण त्यात काढण्यासारखं काही नसतं. मोठ्यांच्या चेहऱ्यावर कर्ज, दमा, सून असं काहीतरी उमटलेलं असतं. त्या सुरकुत्यांना धरून चित्रकार पुढे सरकतो. मुलाचा चेहरा गुळगुळीत. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, मुलांचे मध्याच्या खाली. कपाळ भलं मोठं, नाक आखूड आणि सगळा ऐवज खालच्या अर्ध्या भागात गोळा झालेला. डोळे सवयीनं एक बोट वर गेले की मूल पंचविशीत जातं. नाकपुडीपासून ओठांच्या कडेपर्यंतची सावली जरा गडद झाली की तिसरीतला विद्यार्थी सेवानिवृत्त तलाठी दिसू लागतो. माझ्या सुरुवातीच्या चित्रांत मोशी तालुक्याचं अख्खं महसूल खातं तयार झालं होतं.

रंगाची गोष्ट वेगळीच. आपण लहानपणी वापरलेल्या खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा आणि त्याला सगळे बिनदिक्कत 'स्किन कलर' म्हणायचे. आमच्या वर्गात त्या रंगाचं एकही माणूस नव्हतं. ज्या घरातला सर्वात गोरा माणूस गव्हाच्या पिठासारखा, त्या घरातली मुलं आईबाबांना त्या खडूनं रंगवत मोठी झाली आणि कुणाला काही खटकलं नाही. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं आपल्या असल्याच खडूचं 'फ्लेश' हे नाव 1962 साली बदलून 'पीच' केलं, आणि 2020 मध्ये माणसांच्या कातडीच्या 24 छटांची वेगळी पेटी काढली. एवढा काळ लागला, कारण पेटी बनवणारे रोज आरशात बघत होते आणि आरशात सगळं बरोबर दिसत होतं.

काळा रंग वापरून काळा चेहरा होत नाही, हे मोशीत पहिल्याच बैठकीला कळतं. तो डांबरी दिसतो. बर्न्ट सिएना, त्यात अल्ट्रामरीन निळा, थोडा किरमिजी, आणि गालाजवळ ऊन पडलं असेल तर पिवळ्या मातीचा हात. कपाळाच्या चकाकत्या भागावर चक्क आभाळ उतरलेलं असतं, तिथे फिकट निळाच लावावा लागतो. मी तो लावला की मागचा जमाव चिडायचा. "निळा? त्याचं कपाळ निळं आहे?" मग पाच-सहा जण त्या बिचाऱ्याच्या कपाळाला बोट लावून, बोट बघून, मला दाखवायचे. निळं काही लागलेलं नाही. मी मोने, सेझान वगैरे नावं मनात घ्यायचे आणि निळा पुसायचे. जमाव गेला की परत लावायचे.

मला पार्श्वभूमीला किलिमांजारो हवा होता. 5895 मीटरचा डोंगर, डोक्यावर बर्फ, पुढ्यात आफ्रिकेचं मूल; कॅलेंडरच झालं. डोंगर दिवसभर ढगात दडी मारून बसतो आणि पहाटे किंवा संध्याकाळी उपकार केल्यासारखं डोकं बाहेर काढतो, ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण पोरांना डोंगर नको होता. तो रोजचाच. एकाला मागे दार-ए-सलामची बस हवी होती, ड्रायव्हरसकट. एकीला हातात घड्याळ हवं होतं, जे तिच्याकडे नव्हतं. तिनं बाजारातल्या कुठल्या दुकानातलं ते सांगितलं आणि मी जाऊन त्याचा पट्टा बघून यावा असं सुचवलं. एक दात पडलेली मुलगी होती. तिची फट मला इतकी आवडली की सगळं चित्रच मी त्या फटीभोवती रचलं होतं. तिनं बजावलं की दात दोन महिन्यांत येणार आहे, चित्र भिंतीवर पुष्कळ वर्षं राहणार आहे, तेव्हा दात काढा. याला उत्तर नव्हतं. दात काढला.

सगळ्यात मोठं संकट फुटबॉलचं. टांझानियात सिंबा आणि यांगा असे दार-ए-सलामचे दोन क्लब आहेत, एक 1936 चा, दुसरा 1935 चा, आणि सगळा देश त्यात वाटला गेलेला आहे. सिंबाचा रंग लाल, यांगाचा हिरवा-पिवळा. शाळेच्या स्वेटरऐवजी लाल स्वेटर काढा, असं एकानं हळूच कानात सांगितलं. मी काढला. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग माझ्याशी बोलेना. जर्मन मुलीनं सांगितलं की तुम्ही पक्ष घेतलात. मग समतोल राखायला पुढच्या तिघांना हिरवे-पिवळे कपडे चढवले, तर सिंबावाल्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे तक्रार नेली. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि फार सौम्य शब्दांत गणवेशाचं महत्त्व समजावलं. त्या स्वतः यांगाच्या, हे मला नंतर कळलं.

या मागण्यांना आधी मी बालहट्ट म्हणत होते. पण मार्गारिता राजकन्येचीच आणखी चित्रं आठवा. ती लहान असल्यापासून वेलास्केझ तिला रंगवत होता; गुलाबी झग्यात, पांढऱ्या झग्यात, 1659 मध्ये निळ्या झग्यात. ती चित्रं व्हिएन्नाला पाठवली जायची, कारण तिथल्या लिओपोल्डशी तिचं लग्न ठरत होतं आणि मुलगी कशी वाढते आहे ते सासरी दिसायला हवं होतं. लिओपोल्ड तिचा सख्खा मामा. म्हणजे कलेच्या इतिहासातली ही अजोड चित्रं मुळात स्थळाला पाठवायचे फोटो होते. त्यांत झगा कोणता, दागिना कोणता, हे राजवाड्यानं ठरवलं. पैसे देणारा घराणं कसं दिसावं ते सांगतो आणि चित्रकार मान डोलावतो. मोशीच्या पोरांनी तेच केलं. फक्त पैसे दिले नाहीत. स्वयंसेवकाला खटकलं ते एवढ्यासाठीच, की फुकट चित्रात गिऱ्हाइकानं गप्प बसावं अशी त्याची अपेक्षा असते.

पोरांहून कडक आया. शाळा सुटली की त्या न्यायला येत, कमरेला कितेंगेचं रंगीत कापड, पाठीवर धाकटं. चित्राच्या आधी त्यांची परवानगी घ्यायची असा बाईंचा नियम होता, आणि परवानगीबरोबर पाहणीचा हक्क आपोआप येतो. एका आईनं चित्र हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं, मुलाला शेजारी उभं करून ताळा केला आणि म्हणाली, की डोळे माझे आहेत, पण नाक तुम्ही त्याच्या आजीचं काढलंय. वडिलांकडच्या. आवाजावरून समजलं की हे नाक त्या घरात चालणार नाही. मी ते तिथल्या तिथे बदललं. सासूच्या नाकाबद्दल कुठल्याही खंडात वाद घालू नये.

शाळेच्या रस्त्यावर केशकर्तनालयांच्या भिंतींवर चेहरे रंगवणारा एक पेंटर होता. तो रोज संध्याकाळी येऊन माझं काम बघायचा. टांझानियात चित्रकलेला वशिला नसलेला पण दांडगा वारसा आहे. एडवर्ड सैदी टिंगाटिंगा नावाच्या माणसानं 1968 च्या सुमारास दार-ए-सलाममध्ये हार्डबोर्डच्या चौकोनांवर सायकलला द्यायच्या चकचकीत रंगांनी प्राणी-पक्षी काढायला सुरुवात केली, 1972 मध्ये तो गेलाही, पण त्याच्या चेल्यांनी ती शैली इतकी वाढवली की आज पर्यटक विमानात बसताना बगलेत टिंगाटिंगाच असतो. त्या परंपरेत बिबट्या हिरव्या आभाळाखाली हसतो आणि त्याचा प्रत्येक ठिपका मोजून घ्यावा असा असतो. आमच्या पेंटरनं माझा बर्न्ट सिएना, माझ्या सावल्या, माझी धूसर पार्श्वभूमी बघितली आणि विचारलं, "कोण वारलंय?" स्वतः तो अर्ध्या तासात एक चेहरा उरकायचा, खाली केस कापायचा भाव लिहायचा, आणि रस्त्यावरचा कुणीही सांगायचा की हा अमुक गायक. माझ्या चित्राखाली मला नाव लिहावं लागायचं.

आता जरा घरच्या आघाडीबद्दल. मी एका मुलाच्या चित्राचा फोटो, आईला विचारून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत हात जोडलेल्यांची रांग लागली. 'बिचारा!' 'किती समाधानी असतात ना ही मुलं!' 'डोळ्यांतली वेदना छान टिपली आहे.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो फोटो दाखवून नातवाला दुधीची भाजी संपवायला लावली. त्या मुलाच्या वडिलांची कॉफीची बाग आहे, दारात पिकअप उभी असते, आणि डोळ्यांतली वेदना म्हणाल तर आदल्या संध्याकाळी यांगा हरली होती. मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. त्यावर काकूंनी उत्तर दिलं, 'तरीपण.'

या 'तरीपण'चा धंदा मोठा आहे. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संस्थेनं 2012 मध्ये एक गाणं चित्रित केलं: थंडीनं गारठलेल्या नॉर्वेजियन लोकांसाठी आफ्रिकेतली माणसं रेडिएटर गोळा करताहेत, डोळ्यांत करुणा, मागे गोरी बर्फाळ मुलं. 2016 मध्ये इन्स्टाग्रामवर एक बार्बी बाहुली आफ्रिकेत सेवेला गेली आणि प्रत्येक पोराला कुशीत घेऊन स्वतःचे फोटो काढत सुटली. जगभरचे स्वयंसेवक खळखळून हसले आणि जरा वेळानं आपापले जुने फोटो काढून टाकू लागले. हसण्यापलीकडचाही भाग आहे. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथालयांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. युद्ध संपून बराच काळ लोटला होता. वाढले होते ते पर्यटक. तिथल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं सरकार आणि युनिसेफच्या 2011 च्या अभ्यासातून पुढे आलं. भेट द्यायला माणसं येतात, देणगी देतात, पोराला मांडीवर घेऊन फोटो काढतात, म्हणून पोरं घरातून आणून ठेवली जात होती. अनाथालयात जाऊन व्यक्तिचित्रं काढायची कुणाची योजना असेल तर हे आकडे आधी वाचावेत. मी दिवसाची शाळा निवडली ती याचसाठी. ज्या मुलाला संध्याकाळी आई हाक मारून घरी नेते, त्याचं नाक चुकलं तर सांगणारं कुणीतरी असतं.

उरतो प्रश्न चित्राच्या मालकीचा. रॉबर्ट हेन्री हा अमेरिकन चित्रकार आयर्लंडच्या ॲकिल बेटावर पुन्हा पुन्हा जायचा, तिथे त्यानं 1924 मध्ये घरच विकत घेतलं. गावातल्या मुलांची त्यानं काढलेली चित्रं अप्रतिम आहेत. त्यातली बहुतेक आज बघायची तर अमेरिकेतल्या संग्रहालयांत जावं लागतं. स्टीव्ह मॅक्करीनं 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगानं तिच्या डोळ्यांत काय काय वाचलं नाही! तिचं नाव शरबत गुला आहे, हे जगाला 2002 मध्ये कळलं. एवढ्या वर्षांत तिनं तो फोटो पाहिलेलाही नव्हता. कुणी नाव लिहून घेतलं नव्हतं, हे वाचून मला जो राग आला तो कलेचा नव्हता, लिपिकाचा होता. साधा आवक-जावकचा नियम आहे.

याच्या उलट चाललेलं एक काम मला मनापासून पटतं. बेन शूमेकर नावाचा एक अमेरिकन तरुण ग्वाटेमालातल्या अनाथालयात स्वयंसेवक म्हणून गेला होता. तिथल्या मुलांजवळ स्वतःच्या बालपणाची आठवण म्हणून ठेवावं असं काहीच नव्हतं. 2004 मध्ये त्यानं 'मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. अमेरिकेतल्या शाळांत चित्रकला शिकणारी मुलं फोटोवरून दूरदेशीच्या मुलांची चित्रं काढतात आणि ती चित्रं त्या त्या मुलाच्या हातात पोचवली जातात. चित्रं नवशिक्यांचीच असणार; काही मुलांना नाक आजीचं मिळत असेल. पण कागद ज्याचा त्याच्याकडे जातो.

मीही तेच केलं, फक्त जिल्हा परिषदेच्या पद्धतीनं. मोशीच्या बाजारातून एक जाड वही घेतली, समास आखला, रकाने पाडले: अनुक्रमांक, नाव, इयत्ता, चित्राचा तपशील, मिळाल्याची तारीख, सही. शेऱ्याचा रकाना मुलांनी स्वतःहून भरला. 'कान मोठे.' 'छान.' 'बसचं चाक पुन्हा काढून द्यावे, दिले.' दाताची फट बुजवून घेतलेल्या मुलीनं तिथे फक्त घड्याळाचं छोटं चित्र काढलं आहे.

परत आल्यावर आमच्या भागातल्या वाचनालयानं माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि 'आफ्रिकेचे डोळे' असं नाव घालून पत्रिकेचा मजकूरही करून पाठवला. त्यांना मी लेखी कळवलं आहे, की मूळ चित्रं मोशी येथे संबंधितांच्या घरी असून ती पाहण्यासाठी त्यांच्या आयांची परवानगी लागेल. माझ्याकडे फक्त पोचेचं रजिस्टर आहे. मंडळाला हवं असल्यास त्याची साक्षांकित प्रत देता येईल.